कोड्याचं उत्तर तिचं नाव नको, तिचं काम हवं

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत चौथी-पाचवीला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "थोर स्त्रियांची नावं घालून शब्दकोडं केलं. मुलांनी वीस मिनिटांत सोडवलं, सगळे खूश. चार दिवसांनी राणी चन्नम्मा कोण असं विचारलं, तर एक मुलगा म्हणाला, 'तीन घरांची.' माझं चुकलं कुठे? शब्दकोड्यातून मुलांपर्यंत इतिहास खरंच पोचतो का?"

पोचतो. मी बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळांत २८ वर्षं शिकवलं आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं शब्दकोडी केली. तुमच्या त्या मुलाने खरं तर तुम्हाला अचूक उत्तर दिलं आहे. कोड्यात त्याला चन्नम्मा फक्त तीन घरांचीच भेटली: च, न्न, म्मा. घरं मोजली, नाव बसवलं, काम संपलं. माझंही पहिलं कोडं असंच वाया गेलं होतं. सावित्रीबाई, जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, आनंदीबाई अशी नावं मी जमवली. पाटीवर चौकटी आखून वळले, तर मुलांनी शेवटच्या दोन घरांत सगळीकडे "बाई" लिहून टाकलं होतं. अर्धं कोडं न वाचताच सुटलं. वर एका मुलीने विचारलं, "बाई, ह्या सगळ्या शाळेत शिकवत होत्या काय?" आपल्याकडे शिक्षिकेलाही बाईच म्हणतात, तेव्हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

त्या दिवसापासून मी एक नियम धरला. त्या थोर स्त्रीचं नाव घरात लिहायचं नाही, ते खुणेत द्यायचं. घरात लिहायचं ते तिने काय केलं, कशाने केलं, कुठे केलं, तिला कशासाठी झगडावं लागलं. खूण वाचल्याशिवाय उत्तर निघत नाही आणि उत्तर निघालं की पुढचा प्रश्न मूलच विचारतं.

उदाहरणं देते, म्हणजे फरक कळेल. "पहिल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका कोण?" असं विचारलं की मूल सावित्रीबाई लिहून मोकळं होतं. त्याऐवजी खूण अशी करा: "सावित्रीबाई शाळेत जाताना पिशवीत एक जास्तीची ___ ठेवत, कारण रस्त्यात लोक त्यांच्यावर चिखल-शेण फेकत." घरं दोन, उत्तर साडी. हे कोडं मी दर वर्षी दिलं आहे आणि दर वर्षी वर्गातून एकच प्रश्न आला आहे: "पण का फेकत होते?" हा प्रश्न मुलांच्या तोंडून यावा, याचसाठी सगळा खटाटोप. मग १८४८ साल, पुण्यातला भिडेवाडा, मुली शिकल्या तर सगळं बिघडतं असं मानणारे लोक, सगळं सांगायला जागा मिळते. पुढची खूण: "१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी मुलाला कशावर घेऊन दवाखान्यात नेलं?" उत्तर पाठ. त्याच साथीत त्या गेल्या. मुलं या उत्तरावर गप्प होतात. तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा, लगेच पुढच्या खुणेकडे जाऊ नका.

चित्रदुर्गच्या ओबव्वासाठी उत्तर मुसळ. हैदर अलीचे सैनिक कातळाच्या फटीतून एकेक करून आत शिरत होते आणि पाण्याला गेलेल्या या बाईच्या हातात घरचं मुसळ होतं. कन्नडमध्ये मुसळाला ओनके म्हणतात, म्हणून ती ओनके ओबव्वा. सालुमरद तिम्मक्कांसाठी उत्तर वड. हुलिकल ते कुदूर रस्त्यावर पती चिक्कय्यांसोबत त्यांनी वडाची रोपं लावली, घागरीने पाणी घालून जगवली, ३८५ झाडं झाली. सालुमरद म्हणजेच झाडांची रांग. गंगूबाई हनगल यांच्यासाठी मी आगगाडी देते: हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणं शिकायला त्या जिच्यातून जात ती. आपल्या मुलांनी हुबळीची गाडी पाहिलेली असते, त्यामुळे गंगूबाई एकदम शेजारच्या वाटू लागतात.

माझं सगळ्यात आवडतं उत्तर मात्र दत्तक. तीन घरं: द, त्त, क. कोड्यात हा शब्द एकदाच येतो, पण त्याला खुणा दोन असतात. पहिली: "कित्तूरच्या राणीने मुलगा गेल्यावर शिवलिंगप्पाला असं घेतलं, कंपनी सरकारने ते मानलं नाही." दुसरी: "झाशीच्या राणीने दामोदररावाला असं घेतलं, तेही कंपनी सरकारने मानलं नाही." पहिली गोष्ट १८२४ ची, झाशी खालसा झाली १८५४ मध्ये. वजाबाकी मुलांकडूनच करून घ्यायची: तीस वर्षं. तेव्हा मुलांच्या लक्षात येतं की काकतीत जन्मलेल्या, आपल्या बेळगावच्या वेशीवरच्या गावातल्या मुलीने इंग्रजांना जे ठणकावून सांगितलं, ते झाशीच्या आधी तीस वर्षं सांगितलं होतं. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, राणी कैद झाली आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच वारली. एका वर्षी एका मुलाने विचारलं, "दत्तक घेतलेला मुलगा खरा नसतो काय?" वर्गात अशा घरातलं मूल असू शकतं, म्हणून उत्तर तयार ठेवा. मी म्हटलं, "राणीने तेच विचारलं होतं, आणि त्यासाठीच ती लढली."

आता कोडं आखण्याबद्दल, कारण मराठीत ते इंग्रजीपेक्षा वेगळं चालतं आणि इथेच नवे शिक्षक अडतात. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर, पण अक्षर म्हणजे मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर. चन्नम्मा तीन घरं, सावित्री तीन घरं, बैलहोंगल पाच घरं. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे दोन्हींत तेच अक्षर तसंच्या तसं असावं लागतं. चौंडीतला (अहिल्याबाईंचं जन्मगाव) चौं आणि चन्नम्मातला च जुळत नाहीत. काही जण मुलांसाठी म्हणून मात्रेची सूट देतात, वाचताना उभ्यात च, आडव्यात चौं. मी ती कधीच दिली नाही. तिसरी-चौथीत मुलाचं शुद्धलेखन जेमतेम बसत असतं, त्यात आपणच ते ढिलं करायचं का?

त्यामुळे छेद जुळणारे शब्द थोडेच सापडतात. महेश्वर उभा आणि कित्तूर आडवा लिहिला तर दोन्ही र वर भेटतात. अहिल्याबाईंची राजधानी आणि चन्नम्मांची राजधानी एकाच घरात. असं काही सापडलं की मला फार आनंद व्हायचा, पण प्रत्येक कोड्यासाठी इतका वेळ मिळत नाही. म्हणून छेदाचा हट्ट सोडा आणि "आडवी उत्तरं, उभा शब्द" हा प्रकार घ्या. तो मुलांनाही जास्त आवडतो, कारण शेवटी एक लपलेला शब्द हाती लागतो. माझ्याकडचा हा एक, तसाच्या तसा वापरा:

पहिली ओळ, चार घरं: शिवरायांना वाढवणाऱ्या, सिंदखेडराजाच्या जाधवांची लेक. तिसरं अक्षर चौकटीत.
दुसरी ओळ, पाच घरं: राणी चन्नम्मांना इंग्रजांनी कैदेत ठेवलं ते गाव. दुसरं अक्षर चौकटीत.
तिसरी ओळ, चार घरं: पुण्यातला हा वाडा, इथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. तिसरं अक्षर चौकटीत.
चौथी ओळ, चार घरं: मल्लम्मा देसाईंचं गाव, बैलहोंगल तालुक्यात. चौथं अक्षर चौकटीत.

जिजाबाई, बैलहोंगल, भिडेवाडा, बेळवडी. चौकटीतली अक्षरं वरून खाली वाचली की बालवाडी. आपण जिथे पहिल्यांदा शाळेत बसलो ती जागा या चार बायकांच्या शब्दांतून निघाली, हे पाहून पोरं बाकावर उभी राहतात. (पहिल्या ओळीत मी नाव उत्तर ठेवलं आहे, माझ्याच नियमाविरुद्ध. एका कोड्यात एखादं नाव चालतं, सगळी नकोत.)

इंटरनेटवरच्या कोडं बनवणाऱ्या साइटींपासून जपून राहा. त्यातल्या बऱ्याच देवनागरी अक्षर फोडतात: वेलांटी एका घरात, क दुसऱ्या घरात, हलन्ताची खूण तिसऱ्यात. मी एकदा शाळेच्या कॉम्प्युटरवर काढलेला कागद तसाच वाटला होता. पोरं गोंधळून गेली आणि तास फुकट गेला. चौकटीची गणिताची वही आणि पेन्सिल, याहून चांगलं साधन मला मिळालं नाही. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू अक्षरांच्या चिठ्ठ्यांना उत्तम, जाड असते, वर्षभर टिकते.

शब्दशोध, म्हणजे अक्षरांच्या ठोकळ्यात लपलेले शब्द शोधायचे, तो करणार असाल तर रिकामी घरं भरताना एक काळजी घ्या. सगळी साधी अक्षरं टाकलीत, क, ट, प, र, तर मात्रा आणि जोडाक्षरं असलेली घरं लांबूनच ओळखू येतात आणि मूल काहीही न वाचता बोट ठेवतं. भरावाच्या अक्षरांतही वेलांट्या, मात्रा, एखादं त्र, एखादं म्मा टाका.

पहिली-दुसरीला कोडं नको. तुमची शाळा छोटी असेल आणि नली-कलीत (कर्नाटकातली खेळत शिकण्याची पद्धत) पहिली ते तिसरी एकत्र बसत असतील, तर या लहानग्यांना चिठ्ठ्यांतून अक्षरं लावायला द्या. जोडाक्षर न आलेल्या मुलाला चन्नम्मा किंवा सावित्री देऊन रडवू नका. ज-ना-बा-ई, ता-रा-रा-णी, ब-हि-णा-बा-ई ही त्यांच्या हातात बसणारी नावं. इथे नाव हेच उत्तर चालतं, कारण या वयात नाव लिहिता येणं हीच मोठी कमाई. गोष्ट तोंडी सांगा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-साताऱ्याच्या शिक्षकांना येत नाही: एकाच नावाची दोन रूपं. मराठीत आपण चन्नम्मा लिहितो, कन्नडच्या तासाला मुलं चेन्नम्मा लिहितात. घरात च की चे? बेळवडी, बेलवडी, बेलवाडी, तिन्ही लिहिलेलं सापडेल. कोडं फळ्यावर मांडण्याआधी ठरवून टाका आणि मुलांना सांगाही, "आज मराठीतलं रूप, उद्या कन्नडच्या तासाला ते रूप." मी तर कन्नड शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारून तेच कोडं त्यांच्या तासाला कन्नड लिपीत करून घेत असे. मुलं घरं मोजून पाहायची, दोन्हीकडे तीनच भरतात का, आणि तीनच भरली की खूश व्हायची.

नावांच्या शेपटाचाही छान तास होतो. चन्नम्मा, मल्लम्मा यांत अम्मा, म्हणजे आई. अब्बक्का, तिम्मक्का यांत अक्का, थोरली बहीण. हा शब्द तर आपणही घरात रोज वापरतो. ओबव्वात अव्वा, म्हणजे आईच. आणि आपल्याकडे जिजाऊत आऊ, बाकी सगळीकडे बाई. फळ्यावर दोन रकाने आखून मुलांना नावं फोडायला सांगा. उल्लाळच्या राणी अब्बक्कांनी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी झुंज दिली, हे सांगितल्यावर एका मुलाने स्वतःच म्हटलं, "म्हणजे लढणाऱ्या बाईलाही माणसं अक्काच म्हणतात." मला त्याला काही वेगळं शिकवायचं उरलं नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. सीमाभागात इतिहासाला लगेच भाषेचा रंग चढतो. मराठी शाळेत बेळवडीच्या मल्लम्मा घ्यायच्या की नाही, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं, कारण १६७८ च्या सुमारास त्या लढल्या त्या शिवाजी महाराजांच्या फौजेशी. माझं उत्तर ठाम आहे: घ्यायच्या, आणि पूर्ण घ्यायच्या. मराठी साधनांत त्यांचं नाव सावित्रीबाई येतं, कन्नडमध्ये मल्लम्मा. छोट्याशा गढीवरून त्या सत्तावीस दिवस लढल्या. त्यांना कैद करून अपमान करणाऱ्या सखोजी गायकवाडाला महाराजांनी कडक शिक्षा केली. यात मराठी मुलाला कमीपणा वाटण्यासारखं काय आहे? उलट दोन्हीकडचा मोठेपणा एकाच गोष्टीत आहे. याच्या जोडीला केळदीच्या चन्नम्मा द्या. राजाराम महाराज जिंजीकडे निघाले असताना औरंगजेबाची भीती न बाळगता या कन्नड राणीने त्यांना आसरा दिला. खूण अशी: "केळदीच्या राणीने राजाराम महाराजांना हा दिला", तीन घरं, उत्तर आसरा. आणि मुलांना दोन चन्नम्मा वेगळ्या ठेवायला शिकवा, मोठी माणसंही त्यात घोटाळा करतात.

क्रम जवळून दूर असा लावा. काकती, कित्तूर, बेळवडी आधी. मग कोल्हापूर: निपाणीकडची मुलं कोल्हापूरला जाताना कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा पाहतात, तेव्हा १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर पंचविशीतल्या या राणीने औरंगजेबाविरुद्धची लढाई पुढे चालवली, हे तिथे सांगा. कोल्हापूरच्याच धाग्याने आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली, पण १८८७ च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. आणि बेळगावातच आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या, इथे शिक्षक घडवणाऱ्या कवयित्री इंदिरा संत विसरू नका. त्यांच्या कवितासंग्रहांची नावं शेला आणि मेंदी. दोन-दोन घरांची, मुलांच्या ओळखीची. वर्षाला दहा-बारा स्त्रिया पुरेत. पन्नास नावांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा दहा जणींच्या हातात काय होतं हे मुलाला ठाऊक असलेलं मला जास्त मोलाचं वाटतं.

सालं घरात लिहायला देऊ नका. मुलं ती घोकतात आणि विसरतात. सालं जुळवायला द्या. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. त्याच जानेवारीत, तुमच्याच तालुक्यात नंदगडला, चन्नम्मांच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिलं. एकीकडे कित्तूरची लढाई संपली, दुसरीकडे नायगावात एक मुलगी जन्मली. नंदगडच्या मुलांना हे सांगून बघा.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन महिन्यांनी खुणा करायचं काम मुलांकडे द्या. आपल्या आज्या हुमाण, म्हणजे तोंडी कोडं, घालायच्या, तो ठेका मुलांच्या कानात असतोच. एका पाचवीच्या मुलीने ओबव्वावर केलेलं मला अजून पाठ आहे: "कातळाला फट, हातात मुसळ, घागर रिकामी, गड मात्र भरलेला." खूण करायला मुलाला माहिती नीट वाचावी लागते, नको ते गाळावं लागतं, आणि उत्तर फुटणार नाही इतपतच सांगावं लागतं. वर्गातलं सगळ्यात मागे राहणारं मूल इथे कधी कधी सगळ्यात पुढे जातं, कारण घरी हुमाणं ऐकून तयार असतं.

निपाणीजवळच्या शाळेत असताना एका मुलाने यादीबाहेरची खूण आणली होती. "मांडीवर हे घेऊन तिने तीन पोरं शिकवली." दोन घरं. वर्गाला उत्तर येईना. सूप, तो म्हणाला. त्याची आजी बिड्या वळायची. मी ती खूण त्या आठवड्याच्या कोड्यात घातली, चन्नम्मा आणि ताराराणींच्या बरोबरीने. दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आल्या, कोडं पाहायला. त्यांना वाचता येत नव्हतं. नातवाने त्यांचं बोट धरून दोन्ही घरांवर ठेवलं, आधी सू, मग प.